सिलिकॉनच्या कातडीला कधी बारीक सुरकुत्या, कधी एकच खोल खाच – हे ठरतं कशावर?

बाहुलीकार

नमस्कार मंडळी. मी बाहुलीनाट्यासाठी सिलिकॉनचे हात आणि चेहरे ओततो. सध्या एका म्हाताऱ्या पात्राचा अख्खा हात करायला घेतलाय. आत वाकणारा सांगाडा आणि त्याभोवती शोर डबल-ओ 30 चं (शोर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) अगदी लिबलिबीत सिलिकॉन. सांगाड्यापासून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत साधारण 20 मिमी जाडी आहे.

हात वाकवला की बराच वेळ काहीच होत नाही, पृष्ठभाग गुळगुळीत. मग एका क्षणी अचानक आडवी खाच पडते, सुरी फिरवल्यासारखी. सुरकुती म्हणावी असं तिच्यात काही नाही. हात सरळ केला की जाते, पुन्हा वाकवला की बरोबर त्याच जागी.

मग वरून ए 40 चं कडक सिलिकॉन ब्रशने पातळ लावून पाहिलं. चित्रच पालटलं! हात जरासा वाकताच समान अंतरावर बारीक सुरकुत्या. 0.2 मिमीच्या थराला त्या साधारण अडीच मिमी अंतरावर येतात, अर्ध्या मिमीच्या थराला सहाएक मिमीवर. जास्त वाकवलं तर त्या खोल होतात, थोड्या जवळ सरकतात, पण संख्या तीच. पूर्ण वाकवल्यावर मात्र एखादी सुरकुती शेजारणींना गिळून मोठी घडी होते आणि बाकीच्या फिक्या पडतात.

तर, हे अंतर कोण ठरवतं? बिनथराच्या हाताला सुरकुत्या का येत नाहीत? आणि ही गिळंकृत करणारी घडी टाळता येईल का? मला हात सरळ असतानाही सुरकुत्या दिसायला हव्या आहेत, म्हातारं पात्र आहे. चाकूने कोरलेल्या सुरकुत्या रंगमंचावरच्या दिव्यात खोट्या दिसतात.

जुना_रबरवाला

प्रश्न विचारावा तर असा. मापं दिलीत, जाड्या दिल्यात, काय आधी होतं आणि काय नंतर तेही सांगितलंत. माझी नोकरी रबराचे ठोकळे यंत्रात दाबण्यात गेली, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे.

आधी अंतराचं बघू. वरचा थर कडक आहे, त्याला वाकायला आवडत नाही. दाब आला की वाकावं तर लागतंच, पण त्याला लांबलचक, सैल लाटा हव्या असतात. खालच्या मऊ मालाचं गणित उलटं. लाट जितकी लांब तितकी तिची हालचाल खोलवर पोचते, म्हणजे तितका जास्त माल ढवळला जातो. म्हणून त्याला आखूड लाटा परवडतात. लाटेची लांबी दुप्पट केली तर थर वाकवण्याचा खर्च चौथाई होतो, खालचा माल ढवळण्याचा खर्च दुप्पट होतो. दोन्ही मिळून खर्च जिथे सर्वांत कमी, ती लांबी निसर्ग निवडतो.

सूत्र असं (मॉड्युलस म्हणजे मालाच्या कडकपणाचा आकडा): सुरकुत्यांमधलं अंतर = 2π × थराची जाडी × (वरचा मॉड्युलस ÷ खालच्याच्या तिप्पट) याचं घनमूळ. डबल-ओ 30 चा मॉड्युलस पुरवठादारांच्या तक्त्यात साधारण 0.07 मेगापास्कल असतो, ए 40 चा 1.4 च्या आसपास. गुणोत्तर 20. त्याला 3 ने भागून घनमूळ काढलं की 1.88, आणि 2π ने गुणलं की जवळपास 12. म्हणजे अंतर जाडीच्या बारापट! 0.2 मिमीला 2.4 मिमी, 0.5 मिमीला 6 मिमी. तुमच्या पट्टीने हेच मोजलंय.

सूत्रात दाब कुठेच नाही हे बघा. म्हणून जास्त वाकवल्यावर संख्या बदलत नाही, फक्त खोली वाढते. आणि घनमूळ असल्यामुळे कडकपणाशी खेळून फार काही हाती लागत नाही. अंतर दुप्पट हवं असेल तर थर आठपट कडक करावा लागेल, किंवा जाडी सरळ दुप्पट करायची. तेव्हा सुरकुतीचा आकार बदलायचा असेल तर डबा बदलू नका, ब्रशचे हात वाढवा.

सुरुवात कधी होते, तर गुणोत्तर 20 असताना सुमारे 7 टक्के दाबाला, म्हणजे पृष्ठभाग मूळ लांबीच्या 7 टक्क्यांनी आखूड झाला की. वाकवताना आतल्या बाजूचा दाब म्हणजे ढोबळमानाने सांगाड्यापासूनचं अंतर भागिले वाकाची त्रिज्या. 20 मिमी आणि 7 टक्के, म्हणजे त्रिज्या 285 मिमी झाली की सुरकुत्या हजर. हात वाकलाय हे प्रेक्षकाला कळायच्याही आधी. थर हजारपट कडक असता तर अर्ध्या टक्क्यालाच उठल्या असत्या.

आता बिनथराचा हात. वर वेगळा थर नाही, म्हणजे कुठलीही जाडी नाही, म्हणजे लाटेला धरायला मापच नाही. मॉरिस बिओ यांनी 1963 मध्ये गणित मांडलं की एकजिनसी रबराचा पृष्ठभाग एका दिशेने दाबला तर सुमारे 46 टक्के दाबाला अस्थिर होईल, आणि तेव्हा सगळ्या लांबीच्या लाटांना सारखीच संधी असेल. गणित चोख आहे, पण रबराचा ठोकळा प्रत्यक्ष वाकवून बघणाऱ्यांना वेगळंच दिसत होतं. ॲलन जेंट आणि चो यांनी 1999 मध्ये नोंदवलं की 35 टक्क्यांच्या आसपासच टोकदार खाचा पडतात. लाट उठायची वाट न बघता पृष्ठभाग एका जागी स्वतःवरच दुमडतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. बारीक चुणी आधी येऊन मग खोल होत गेली, असा प्रकार नाही. नाही म्हणजे नाही, आणि आली की पुरती आली. का, ते 2009 नंतरच्या संगणकीय कामांत नीट उलगडलं: छोटीशी लाट तग धरू शकत नाही अशा दाबालाही पूर्ण दुमडलेली अवस्था स्वस्त पडते, फक्त तिथवर जायला एक ढकल लागते. ती ढकल देतो एखादा बुडबुडा, ओरखडा किंवा साच्याची शिवण. तुमची खाच दर वेळी त्याच जागी येते ना? तिथे भिंग लावून बघा, काहीतरी सापडेल. शिवाय एकदा चिकटून सुटलेली जागा पुढच्या वेळी आणखी लवकर दुमडते.

तुमच्या हिशेबात 35 टक्के म्हणजे वाकाची त्रिज्या 57 मिमी. कोपरात एकाच बिजागरीवर वाक येत असेल तर ही हद्द केव्हाच ओलांडली जाते. वाक जास्त लांबीवर पसरवा किंवा कोपराच्या आत मऊ माल पातळ करा, खाच मागे हटेल.

हे फक्त रबरातच होतं असं नाही. फिल्मवर फोटो काढायच्या काळात डेव्हलपर आणि पुढच्या द्रावणांच्या तापमानात मोठा फरक पडला की जिलेटिनचा थर फुगून त्यावर बारीक जाळी उठायची. फोटोग्राफर कपाळावर हात मारायचे. थर खाली काचेला किंवा पट्टीला घट्ट चिकटलेला, आडवं पसरायला जागा नाही, मग पृष्ठभाग आत दुमडणार नाही तर काय करेल? तिथे मात्र खाचांमधलं अंतर जिलेटिनच्या जाडीवर ठरतं, कारण खाली कडक तळ असतो. तुमच्याकडेही मऊ माल कुठे दोन-तीन मिमीच उरला असेल आणि खाली टणक सांगाडा असेल, तर माझं बारापटीचं सूत्र तिथे लागू पडणार नाही. सुरकुत्या अपेक्षेपेक्षा दाट येतील.

घडीचं रात्री लिहितो.

दगडफोडी

काका, घडीचं लिहायच्या आधी मधेच तोंड घालते. मी भूशास्त्रवाली. हेच सूत्र आम्ही दगडात वापरतो, तेही बिओंचंच, 1957 आणि 1961 चं काम. फरक इतकाच की आमचा कडक थर दोन्ही बाजूंनी मऊ खडकात गाडलेला असतो, म्हणून 3 च्या जागी 6 येतात, आणि मॉड्युलसच्या जागी खडकांची चिकटता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, कारण लाखो वर्षांच्या हिशेबात खोलवरचा तापलेला खडक वाहतो.

शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या खडकात क्वार्ट्झच्या शिरा असतात ना, एकाच कातळात बोटाएवढी जाड शीर आणि तिच्या शेजारी पेन्सिलीच्या रेघेएवढी बारीक शीर. दोघींनी दाब सारखाच सोसलेला. जाड शिरेला मोठ्या सैल वळ्या, बारीक शिरेला नुसता नागमोडी दोरा. विद्यार्थ्यांना सूत्र सांगायच्या आधी मी त्यांना पट्टी देते आणि शिरेची जाडी आणि वळीची लांबी मोजायला लावते. गुणोत्तर ठरावीक आलं की त्यावरून दोन्ही खडकांच्या चिकटतेचा अंदाज बांधायचा. हवी तेव्हाची प्रयोगशाळा!

आणि तुमच्या खाचेसारखंही आमच्याकडे आहे. दोन थरांच्या कडकपणात फारसा फरक नसेल तर सारख्या लाटा येत नाहीत. कडक थराचे फुगीर गोलवे मऊ थरात शिरतात, आणि दोन गोलव्यांच्या मधे मऊ खडकाची टोकदार चोच कडक थरात घुसते. कातळावर ही चोच कोणत्या बाजूला आहे ते बघून, तेव्हा कुठला खडक मऊ होता ते सांगता येतं.

जुना_रबरवाला

वा, हे चोचीचं झकास. सिलिकॉनमध्येही वरचा-खालचा माल जवळपास सारखा घेतलात तर असंच होतं. तेव्हा थर लावलाय म्हणजे सुरकुत्या येणारच असं समजू नका. 20 चं गुणोत्तर ठीक आहे, दोन-तीनवर आणलंत तर परत खाचांच्या राज्यात.

आता गिळणारी घडी. सुरकुत्या सुरुवातीला साळसूद असतात, सगळ्या सारख्या. दाब वाढला की खालच्या मालाचं वागणं बदलतं. वर ढकललेल्या आणि आत दाबलेल्या भागाला तो सारखाच विरोध करेनासा होतो. साधारण 20 टक्के दाबाच्या आसपास एक सोडून एक दरी खोल जाते, मधली उथळ होते. म्हणजे नक्षीचं माप दुप्पट. ब्राउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे मोजून दाखवलं. आणखी दाबलं की त्या खोल दऱ्यांमधली एखादी पुरती मिटते. तुमच्या हातात 20 टक्के म्हणजे त्रिज्या 100 मिमी. त्या वाकाला थांबून तिरप्या उजेडात बघा, एकाआड एक दिसायला हवं.

पाण्यावर तर घडी याहून लवकर येते. 2008 मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर प्रयोग झाला. फिल्म दोन्ही कडांनी आत ढकलली की आधी सुंदर लाटा येतात, आणि एकूण ढकल लाटेच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की एकच घडी सगळा माल ओढून घेते आणि बाकी फिल्म सपाट होते. पाणी घन पदार्थासारखं धरून ठेवत नाही, फक्त वजनाने विरोध करतं, म्हणून हा उतावीळपणा.

टाळायचं कसं? पूर्वताण देऊन. मऊ माल ताणलेला असताना त्यावर कडक थर चढवायचा, थर पक्का झाला की ताण सोडायचा. यात दोन फायदे. ताण सोडताच सुरकुत्या उठतात आणि हात सरळ असतानाही राहतात, म्हणजे तुमचं म्हातारं पात्र झालं. दुसरं म्हणजे ताणलेल्या पायावरच्या सुरकुत्या दुप्पट व्हायला जास्त दाब सोसतात. उलट दाबलेल्या अवस्थेत थर लावलात तर घडी लवकर येईल. पूर्वताण फारच दिला, 40 टक्क्यांच्या वर, तर दऱ्या मिटण्याऐवजी एकेक उंच कडा उभा राहतो. चेहऱ्यावर ते जखमेच्या वणासारखं दिसेल. तुम्हाला 15 टक्के पुष्कळ.

गोल हातावर हे जमणार नाही. कातडी वेगळी सपाट ओता, चौकटीवर ताणून लावा, थर द्या, सोडा आणि मग हातावर चढवा. एकाच दिशेने ताणलंत तर ताणाला आडव्या समांतर रेषा येतील, त्या कपाळाला आणि मनगटाला. पंजाच्या मागच्या बाजूला दोन्ही दिशांनी ताणा. दोन्ही ताण एकदम सोडलेत तर वेडीवाकडी भूलभुलैया नक्षी येते, आधी एक आणि मग दुसरा सोडलात तर शिस्तीतली नागमोडी. खऱ्या कातडीला पहिली जास्त जवळची, असं माझं मत.

शंकासुर

वाचून मजा आली. पण खरी कातडी, आतडं, मेंदू हे काही कोणी यंत्रात दाबत नाही. तिथे घड्या कुठून येतात? तिथेही हेच लावायचं म्हणजे हातोडीवाल्याला सगळीकडे खिळे दिसण्यातला प्रकार नाही का?

जुना_रबरवाला

बाहेरून दाबायची गरज नाही. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त वाढला आणि खालच्याला चिकटलेला असला की तो आपोआप दाबाखाली येतो. वरच्याची वाढ, फुगणं किंवा खालच्याचं थंड होऊन आकसणं, गणिताला सगळं सारखंच. बाउडन, व्हाइटसाइड्स आणि मंडळींनी 1998 मध्ये तापवून पसरलेल्या सिलिकॉन रबरावर धातूचा अतिसूक्ष्म थर बसवला. रबर थंड होऊन आकसलं आणि 20 ते 50 मायक्रॉन अंतराच्या लाटा आपसूक उठल्या. कोणीही हात लावला नव्हता.

मेंदूचं म्हणाल तर गर्भाचा मेंदू पाच महिन्यांपर्यंत बराचसा गुळगुळीत असतो, घड्या नंतर पडतात. 1975 मध्ये रिचमन आणि सहकाऱ्यांनी हाच दोन थरांचा हिशेब मांडला, पण त्यात वरचा थर खालच्याच्या कितीतरी पट कडक धरावा लागत होता. प्रत्यक्षात वरचा करडा आणि आतला पांढरा भाग जवळपास सारखेच मऊ. म्हणजे सुरकुत्यांची नव्हे, खाचांची गोष्ट. आणि मेंदूचा काप बघा, वरचे गोलवे फुगीर आणि मधल्या दऱ्या टोकदार, दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या. दगडफोडीबाईंची चोचच. 2016 मध्ये टॅलिनेन, महादेवन आणि इतरांनी गर्भाच्या एमआरआयवरून गुळगुळीत मेंदूची जेलची प्रतिकृती केली, वर फुगणारा थर दिला आणि द्रावकात बुडवली. थर फुगला आणि खऱ्या मेंदूशी जुळणाऱ्या वळ्या उठल्या.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा आजारांतला आहे. ज्या आजारात मेंदूचं कवच जाड राहतं त्यात घड्या थोड्या आणि रुंद, कधी मेंदू जवळजवळ सपाटच. दुसऱ्या एका आजारात घड्या असंख्य आणि चिमुकल्या, तिथे कवच पातळ. जाड थराला लांब लाट, पातळ थराला आखूड. पेशी आणि जनुकं ठरवतात कुठे किती वाढायचं, ते मी नाकारत नाही. पण वाढ झाल्यावर घडी कशी पडायची यासाठी वेगळा हुकूम लागत नाही.

पण तुमच्या शंकेत तथ्यही आहे. पाण्यात बसून बोटांना पडणाऱ्या चुण्या, ज्यांचं उदाहरण जो तो देतो, त्या नुसत्या कातडी फुगल्याने पडत नाहीत. बोटाकडे जाणारी नस तुटलेली असेल तर ते बोट पाण्यात सुरकुततच नाही, हे 1930 च्या दशकापासून माहीत आहे. नसेच्या हुकमाने आतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आतला मांसल भाग कमी होतो आणि कातडी वरून सैल पडते. शेवटी थर मोठा आणि पाया छोटा हे खरंच, पण कारण पाया आकसण्याचं आहे.

बाहुलीकार

चौकटीवर करून बघितलं. 15 टक्के ताण, 0.2 मिमी थर. सोडल्यावर बारीक सुरकुत्या अगदी हव्या तशा! पंजासाठी दोन्ही दिशांनी ताणून एकदम सोडलं, तीही नक्षी छान. आणि हो, बिनथराच्या हाताच्या खाचेत भिंगाखाली साच्याची शिवणच निघाली.

एक अडचण. एका तुकड्यावर सुरकुत्यांऐवजी फोडांसारखे लांबट फुगवटे आले, एकमेकांपासून बरेच दूर, आणि मधला भाग सपाट. आणि बारीक सुरकुत्यांच्या जोडीला चार-पाच मोठ्या वळकट्याही हव्यात, त्या कशा आणू?

जुना_रबरवाला

फुगवटे म्हणजे थर सुटलाय. चिकटलेला थर खालच्याला घेऊन लाटतो, सुटलेला एकटाच वर उठतो आणि आजूबाजूचा ताण रिकामा करतो, म्हणून मधे सपाट. नखाने फुगवटा दाबा, खाली पोकळी लागेल. खालचं सिलिकॉन पुरतं वाळायच्या आत, बोटाला किंचित चिकट लागत असतानाच वरचा थर द्या. प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या मदतीने पक्कं होणारं) सिलिकॉन वापरत असाल तर लेटेक्सचे हातमोजे बाजूला ठेवा. त्यातल्या गंधकाने पृष्ठभागावरचा माल पक्का होत नाही आणि जोड तिथेच फसतो.

वळकट्यांसाठी तीन थर करा. सर्वांत खाली तुमचं डबल-ओ 30, मधे मध्यम कडक माल दीड-दोन मिमी, वर ए 40 पातळ. मधला आणि वरचा मिळून मोठ्या लाटा देतील, आणि वरचा एकटा मधल्यावर बारीक. मात्र मधल्या आणि वरच्यात गुणोत्तर दहाच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे मधला माल डबल-ओ 50 च्या पुढचा नको. खालच्याहून थोडाच कडक असला तर मोठ्या वळकट्या खाचांकडे झुकतील, आणि म्हाताऱ्याच्या कोपराला ते शोभूनच दिसेल. मधला थर आधी ताणलेल्या कातडीवर लावा, वरचा त्याच ताणात आणि तो चिकट असतानाच. दोन्ही पक्के झाल्याशिवाय चौकट सोडू नका.

दगडफोडी

आणि झाल्यावर कोपराचा फोटो टाका, बाजूला पट्टी ठेवून. विद्यार्थ्यांना क्वार्ट्झच्या शिरेशेजारी लावून दाखवते.